जेआर-१ म्हणून रुजू होताना: सरकारी रुग्णालयातल्या पहिल्या वर्षाची तयारी

नीट-पीजीच्या फेऱ्या संपल्या, सीट मिळाल्याचं पत्र हातात आलं, आणि आता ससून, घाटी, मेयो, सीपीआर, जेजे किंवा केईएमसारख्या एखाद्या रुग्णालयाच्या वॉर्डात तुम्ही हाऊसमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट (जेआर-१), म्हणून उभे राहणार आहात. अभ्यास तुमचा झालेला आहे. अडतं ते दुसरीकडेच. कुठला कागद कुणाकडे द्यायचा, रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं, सुई टोचली तर आधी काय करायचं, अंगावर कुणी धावून आलं तर तक्रार कुणी नोंदवायची, हे कुणी समोर बसवून सांगत नाही. एमडीची वर्षं मी सरकारी रुग्णालयातच काढली आणि आता सीनियर रेसिडेंट म्हणून नव्या बॅचला वॉर्डात उभं करायचं काम माझ्याकडे आहे. त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहिते आहे.

माझं ठाम मत असं आहे की पहिल्या वर्षी माणूस कामापेक्षा एकटेपणानं जास्त मोडतो. मदतीच्या जागा असतात, पण त्या माहीत नसतात किंवा तिथवर पोहोचायला उशीर होतो. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कुणाला सांगायचं, केव्हा सांगायचं आणि काय लिहून ठेवायचं, एवढं नीट लक्षात घ्या.

१. कागदांची फाइल रुजू होण्याआधीच लावा

साधारणपणे हे कागद लागतात:

- नीट-पीजीचं प्रवेशपत्र, गुणपत्रक आणि सीट मिळाल्याचं पत्र
- एमबीबीएसच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, अटेम्प्ट सर्टिफिकेट आणि पदवी प्रमाणपत्र
- इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र
- वैद्यकीय परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, अधिवास प्रमाणपत्र
- लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर
- मेडिकल फिटनेस आणि मध्ये खंड पडला असेल तर त्याचं शपथपत्र
- आधार, पॅन, बँक पासबुकची प्रत, पासपोर्ट आकाराचे भरपूर फोटो

नॉन-क्रीमीलेयरच्या मुदतीची तारीख घरूनच तपासून निघा. इथे ऐनवेळी धावपळ झालेली मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. मूळ कागद कॉलेजकडे जमा होतात आणि बराच काळ तिथेच राहतात. त्यामुळे सगळ्यांचं स्वच्छ स्कॅनिंग करून ठेवा, साक्षांकित प्रतींचे दोन-तीन संच काढा आणि जमा केलेल्या प्रत्येक मूळ कागदाची सही-शिक्क्याची पोच घ्या.

तुमचं एमबीबीएस महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाबाहेरचं असेल, तर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्राचं काम लगेच सुरू करा. दुसऱ्या राज्यातून आला असाल, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणीही करावी लागेल. शैक्षणिक विभागात पहिल्याच दिवशी तिची मुदत विचारा.

बंधपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचा. सीट मध्येच सोडली तर काय, अभ्यासक्रमानंतरची सक्तीची सेवा किती आणि ती नाही केली तर दंड किती, हे सगळं त्यात असतं. कारकुनाच्या टेबलावर मागे रांग असते म्हणून वाचायचं राहून जातं. आदल्या दिवशीच मसुदा मागून घ्या.

आणखी एक काम घरूनच करून या. हिपॅटायटिस-बी लसीचे तिन्ही डोस झालेत का ते बघा आणि अँटी-एचबीएसची, म्हणजे लसीनं रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची, पातळी तपासून घ्या. ती १० मिली-युनिटच्या वर हवी. हा रिपोर्ट पुढे नवव्या टप्प्यावर कामी येईल.

२. पहिल्या आठवड्यात माणसं आणि वाटा ओळखून घ्या

युनिटची उतरंड साधी असते: विभागप्रमुख, युनिट प्रमुख, सहयोगी आणि सहायक प्राध्यापक, सीनियर रेसिडेंट, मग जेआर-३ आणि जेआर-२ म्हणजे रजिस्ट्रार, आणि शेवटी तुम्ही. पण वॉर्ड खऱ्या अर्थानं चालतो तो इन्चार्ज सिस्टर, वॉर्डातले मामा आणि मावशी यांच्यावर. वीस-पंचवीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेल्या सिस्टरचं "डॉक्टर, हा पेशंट मला बरा वाटत नाहीये" हे वाक्य आलं, की हातातलं काम टाकून त्या बेडपाशी जा.

मोकळ्या वेळात एकदा पायी फिरून या. रक्तपेढी, सेंट्रल लॅब, सीटी-एमआरआय, कॅज्युअल्टी, आयसीयू, शवागार, औषध भांडार, समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष या जागा स्वतः बघा. रात्री लिफ्ट बंद असते तेव्हा ट्रॉली कुठल्या रॅम्पवरून न्यायची, हेही विचारून ठेवा. इंटरकॉमचे नंबर एका कागदावर लिहून तो ॲप्रनच्या खिशात असू द्या. मोबाइलची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते.

जन आरोग्य योजनेबद्दल एवढं जरूर करा की रुग्ण भरती होतानाच नातेवाइकांना रेशनकार्ड आणि आधार आणायला सांगा आणि आरोग्यमित्राशी, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाशी, गाठ घालून द्या. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कागद नाहीत म्हणून केस पुढे ढकलली जाते, तेव्हा रुग्णाचाही दिवस जातो आणि तुमचाही.

इमर्जन्सी ट्रॉली स्वतः उघडून बघा. लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, अंबू बॅगला योग्य मापाचा मास्क आहे का, सक्शन ओढतं का, डिफिब्रिलेटर चार्ज आहे का. युनिटच्या इमर्जन्सी ड्युटीच्या प्रत्येक दिवशी हे पाच मिनिटांचं काम करा.

३. सीनियरला कॉल कधी करायचा

पहिल्या वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य हे आहे, असं मी नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगते. सुई लावणं, एलपी (पाठीच्या कण्यातलं पाणी काढणं) करणं, सेंट्रल लाइन टाकणं हे हात बसला की येतंच. "मला हे एकट्यानं झेपत नाही" असं वेळेवर म्हणणं मात्र मुद्दाम शिकावं लागतं, कारण आपल्याकडे त्याला कमीपणा समजतात. रात्री फोन केला तर सर चिडतील, उद्या राउंडवर सगळ्यांसमोर बोलतील, या भीतीनं हाऊसमन थांबून राहतो आणि तेवढ्यात रुग्ण हातातून जातो.

म्हणून निर्णय मनावर सोडू नका, आकड्यांवर सोडा. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर आधी प्राथमिक उपचार सुरू करा आणि लगेच फोन लावा:

- सिस्टोलिक बीपी ९०च्या खाली
- नाडी ४०च्या खाली किंवा १३०च्या वर
- श्वासाचा वेग मिनिटाला ८पेक्षा कमी किंवा ३०पेक्षा जास्त
- ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन ९०च्या खाली
- शुद्ध अचानक कमी झाली, किंवा झटका आला
- चार तासांत लघवी ५० मिलिलिटरपेक्षा कमी
- छातीत नव्यानं दुखायला लागलं, किंवा रक्तस्राव थांबत नाही

हे आकडे प्रौढ रुग्णांचे आहेत. बालरोग किंवा प्रसूती विभागात असाल, तर तिथला तक्ता पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि आकडे ठीक असूनही मनात पाल चुकचुकत असेल, तर तेवढंही कारण फोनसाठी पुरेसं आहे.

फोनवर काय बोलायचं त्याचाही एक क्रम असतो: आत्ता काय झालंय, आधीची पार्श्वभूमी, तुम्हाला काय वाटतंय, आणि तुम्हाला काय हवंय. उदाहरणार्थ:

"मॅडम, वॉर्ड नऊमधून बोलतोय. बेड सातच्या आजींचं सॅच्युरेशन मास्कवर ८६ आहे, बीपी ८४, श्वास ३६. काल न्यूमोनियासाठी भरती झाल्या, डायबेटिस आहे. मला सेप्टिक शॉक वाटतोय. कल्चर घेतलंय, सलाईन सुरू केलंय. तुम्ही येऊन बघाल का? तोवर आयसीयूला बेड विचारू का?"

शेवटचे दोन प्रश्न कधीही गाळू नका. नुसतं "पेशंट सिक आहे" म्हटलं, की झोपेतून उठलेला माणूस "बरं, बघ जरा" म्हणतो आणि फोन ठेवतो. त्याला नेमकं यायला सांगा.

फोन झाला की केसपेपरवर वेळ घालून लिहा: "रात्री २.१० वाजता डॉ. अमुक यांना कळवले, पुढील सूचना अशा." सीनियर आले नाहीत, तर त्यांच्या वरच्याला फोन करा. हे चुगली करणं नव्हे. ऑन-कॉल यादीत त्यांचं नाव त्यासाठीच असतं. तुमच्यावर आवाज चढला तरी केलेला फोन चुकीचा ठरत नाही.

४. हँडओव्हर तोंडी आणि लेखी, दोन्ही

ड्युटी बदलताना माहिती गळते. "सगळे स्टेबल आहेत" हे हँडओव्हर नव्हे. गंभीर रुग्णांच्या बेडपाशी दोघांनी जाऊन उभं राहायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या: हा कुठल्या कारणानं बिघडू शकतो, बिघडला तर पहिलं काय करायचं, आणि कुठला रिपोर्ट यायचा बाकी आहे. शेवटच्या गोष्टीकडे सर्रास दुर्लक्ष होतं. संध्याकाळी पाठवलेल्या सॅम्पलचं पोटॅशियम रात्री ६.८, म्हणजे जिवाला धोका होईल इतकं जास्त, येतं आणि तो कागद सकाळपर्यंत लॅबच्या खिडकीत पडून राहतो.

समोरच्यानं ऐकलेलं परत म्हणून दाखवायला सांगा. दोन मिनिटं जास्त जातात, तेवढी जाऊ द्या.

५. औषधं आणि रक्त देताना

सगळे सापळे इथे मांडता येणार नाहीत. पण पुढचे चार मी प्रत्येक नव्या हाऊसमनकडून पाठ करून घेते.

इन्सुलिनच्या कुपीवर ४० युनिट लिहिलंय की १००, ते बघा आणि सिरिंज त्याच मापाची आहे का ते तपासा. लाल टोपीची सिरिंज ४०साठी आणि केशरी टोपीची १००साठी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट चुकते.

पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल थेट शिरेत कधीच द्यायची नाही. सलाईनमध्ये मिसळा, बाटली नीट हलवा, ठरलेल्या वेगानं सोडा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा.

क्रॉसमॅचचं (रक्त जुळतं का ते बघण्याचं) सॅम्पल घेतल्यावर नळीवर नाव आणि नोंदणी क्रमांक रुग्णाच्या बेडपाशीच लिहा. चार नळ्या खिशात घालून टेबलावर येऊन लेबल लावणं अत्यंत धोक्याचं आहे. रक्ताची पिशवी लावताना दोघांनी मिळून नाव, क्रमांक, गट आणि मुदत तपासायची. पहिली पंधरा मिनिटं रुग्णावर लक्ष ठेवा. पिशवी शीतकपाटातून बाहेर आल्यापासून अर्ध्या तासात सुरू व्हावी आणि लावल्यापासून चार तासांत संपावी.

तोंडी ऑर्डर मिळाली तर ती मोठ्यानं परत म्हणा, मग द्या, आणि लगेच लिहा.

६. केसपेपर, एमएलसी आणि मृत्यू प्रमाणपत्र

लिहिलेलं नसेल तर ते केलेलं नाही, असं कोर्टात धरतात. प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ, नाव आणि सही हवी. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारून सही करा आणि पुढे लिहा. खाडाखोड किंवा पांढरी शाई अजिबात नको. नंतर आठवलेली गोष्ट मागच्या ओळीत घुसवू नका. "उशिरा केलेली नोंद" असं म्हणून आत्ताची वेळ घाला.

संमतीपत्रावर सही घ्यायला हाऊसमनला पाठवण्याची पद्धत आहे. पण तुम्ही जी शस्त्रक्रिया समजावून सांगू शकत नाही, तिची संमतीही घेऊ नका, रजिस्ट्रारना सोबत बोलवा. रुग्णाच्या भाषेत समजावून सांगा, आणि ज्या डॉक्टरनं समजावलं त्याचं नाव कागदावर असू द्या. डामावर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी, जाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत धोका काय सांगितला ते मराठीत लिहा आणि नातेवाइकांच्या हस्ताक्षरात, त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.

अपघात, विषबाधा, भाजणं, मारहाण, लैंगिक अत्याचाराचा संशय, किंवा मृतावस्थेत आणलेली व्यक्ती असेल, तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) होते. कोणी आणलं, किती वाजता, ओळखीच्या दोन खुणा, प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी आणि प्रकार हे सगळं लिहा. पोलिसांना कळवल्याची नोंद ठेवा. पोटातून काढलेलं पाणी, कपडे असा मुद्देमाल सीलबंद करून पोचपावतीवरच द्या. नातेवाईक "एमएलसी नको" म्हणाले तरी निर्णय डॉक्टरचा असतो. आणि उपचार कागदांसाठी थांबवायचे नाहीत. अत्याचारग्रस्त महिलेवर तातडीनं मोफत उपचार करणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७नुसार बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलावर किंवा मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवावंच लागतं.

रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ भरतात. त्यात मृत्यूचं कारण म्हणून "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहू नका. हृदय आणि श्वास तर प्रत्येक मृत्यूत थांबतातच. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे घडलं ते, आणि शेवटी मूळ आजार, असा क्रम लावा. एमएलसी असेल तर कारणाचं प्रमाणपत्र देऊ नका. शव पंचनाम्यासाठी आणि शवविच्छेदनासाठी पोलिसांच्या ताब्यात जातं. हे नातेवाइकांना आधीच, शांतपणे सांगा.

७. नातेवाइकांशी बोलणं

हाणामारीची बरीच प्रकरणं मृत्यूपेक्षा त्याआधीच्या काही तासांत कुणीच काही न बोलल्यामुळे पेटतात. गंभीर रुग्णाच्या घरच्यांना दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी, बोलावून सांगा. कुटुंबातला एकच माणूस निवडायला लावा. मराठीत सांगा, आणि समोरचे वैदर्भी, अहिराणी किंवा हिंदी बोलणारे असतील तर ती भाषा जाणणाऱ्या सिस्टरना किंवा मामांना सोबत घ्या. "सीरियस आहे" एवढ्यानं काही कळत नाही. "मशीन लावूनही ऑक्सिजन वाढत नाहीये, आज रात्री जीव जाऊ शकतो," असं स्पष्ट म्हणा आणि मग गप्प राहून त्यांना बोलू द्या. बोलणं झालं की त्याची नोंद वेळेसह केसपेपरवर करा.

मृत्यूची बातमी बसवून द्या, सीनियरसोबत द्या, आणि दाराच्या बाजूला तुम्ही राहा. घोळका जमला, आवाज चढला, कुणी मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं, तर वाद घालू नका. सुरक्षारक्षकांना बोलवा, सिस्टर आणि इंटर्न यांनाही तिथून हलवा.

८. हल्ला झालाच तर

महाराष्ट्रात २०१०पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाईही द्यावी लागते. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं आदेश काढला, की ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीनं गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची आहे.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा: पोलीस ठाण्यात एकट्यानं जाऊ नका. आधी सुरक्षित जागी पोहोचा, मग सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर), युनिट प्रमुख आणि मार्डच्या (निवासी डॉक्टरांची संघटना) प्रतिनिधीला फोन करा. जखमांची तपासणी करून तुमचीच एमएलसी करून घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी द्या. "मिटवून टाक, करिअरचा प्रश्न आहे" असं सांगणारे भेटतील. निर्णय घाईत घेऊ नका आणि दबावाखाली कशावरही सही करू नका.

९. सुई टोचली तर

हातमोजे काढा, जागा वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. पिळू नका, चोळू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका, आणि बोट तोंडात घालू नका. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. मग तिथून थेट एआरटी सेंटरला (एचआयव्ही उपचार केंद्राला) किंवा कॅज्युअल्टीला जा. "हातातलं ऑपरेशन संपवून जाते" म्हणणं नको. सहकाऱ्याला हात बदलायला सांगा.

एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत घ्यावी, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर यांचा कोर्स २८ दिवसांचा असतो. रुग्णाचा रिपोर्ट यायचा असेल तर वाट न बघता पहिला डोस घ्या, गरज नसेल तर नंतर थांबवता येतो. तुमचं स्वतःचं त्या दिवशीचं रक्त तपासून नोंद करून घ्या. हिपॅटायटिस-बीसाठी तो अँटी-एचबीएसचा रिपोर्ट आता काढा. पातळी पुरेशी असेल तर एक काळजी मिटली.

रात्री ही गोळी कुठे मिळते, हे आजच विचारून ठेवा. काही ठिकाणी ती कॅज्युअल्टीच्या कपाटात असते आणि किल्ली एकाच माणसाकडे असते.

क्षयरोगाचंही तसंच. मेडिसिन, छातीविकार, कॅज्युअल्टी इथे एन-९५ नीट बसवून वापरा. दोन आठवडे खोकला राहिला, वजन घटलं, संध्याकाळी कणकण आली, तर थकवा म्हणून सोडून देऊ नका. थुंकी तपासा, एक्स-रे काढा.

१०. तास, रजा आणि झोप

कागदावर काय आहे ते आधी माहीत असू द्या. केंद्र सरकारच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको आणि आठवड्याला साधारण ४८ तास, असं म्हटलं आहे, अर्थात कामाच्या निकडीची सूट ठेवून. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या पदव्युत्तर नियमावलीत वाजवी तास, विश्रांती, निकडीनुसार आठवड्याची एक सुट्टी, वर्षाला किमान २० किरकोळ रजा आणि ५ शैक्षणिक रजा आहेत. हजेरी ८० टक्के लागते. त्याखाली गेलात तर मुदत वाढते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर आयोगानंच नेमलेल्या कृती दलानं २०२४मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली.

वॉर्डात वास्तव याहून फार कठोर आहे, हे मी लपवणार नाही. सलग छत्तीस तास काम केलेल्या डॉक्टरच्या हातात ऑर्डरशीट देणं हे रुग्णासाठी असुरक्षित आहे, आणि ही गोष्ट आपण सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायला हवी. तोवर निदान एवढं करा: सहकाऱ्यांशी बोलून इमर्जन्सी ड्युटीनंतरचे चार तास पाळीपाळीनं झोपेसाठी राखा. रात्रभर जागल्यावर गाडी चालवून घरी जाऊ नका. रजा तोंडी मागू नका, अर्ज करा आणि त्याची प्रत ठेवा. गणपती-दिवाळीच्या रजेचं वेळापत्रक बॅचनं महिनाभर आधी एकत्र बसून ठरवलं, तर भांडणं टळतात.

झोपूनही थकवा जात नाही, जेवणावरची वासना गेली, राउंडच्या विचारानं रडू येतं, किंवा हे सगळं संपवावं असं मनात आलं, तर त्याच दिवशी कुणाशीतरी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आपल्याच मनोविकार विभागात जायला संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या रुग्णालयात जा. आणि मित्र अचानक गप्प गप्प राहायला लागला, मेसला येईनासा झाला, तर त्याच्या खोलीचं दार वाजवा. सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. असं काही कळलं तर त्याला एकटं सोडू नका.

११. शिस्त कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो

राउंडवर चुकीबद्दल बोलणी खाणं वेगळं. जातीवरून, आरक्षणावरून, बोलीवरून टोमणे, मुद्दाम जेवू-झोपू न देणं, सीनियरनं आपला प्रबंध किंवा वैयक्तिक कामं तुम्हाला करायला लावणं, मारणं, सगळ्यांसमोर शिक्षा म्हणून उभं करणं हे रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि आयोगाची २०२१ची नियमावली पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही लागू आहे.

तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण होतं हे दररोज खासगी वहीत लिहा. मेसेज पुसू नका. तक्रार रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी द्या, आणि पोच घ्या. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ वरही सांगता येतं. जातीवाचक अपमान असेल तर ॲट्रॉसिटी कायदाही लागू होऊ शकतो, म्हणून लवकर वकिलाचा सल्ला घ्या. लैंगिक छळाची तक्रार २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची असते. मार्डचा प्रतिनिधी सोबत घेऊन जा, किंवा ज्या एका शिक्षकावर विश्वास आहे त्यांना आधी सांगा. आणि घरच्यांना अंधारात ठेवू नका.

जेआर-२ झाल्यावर हेच नव्या मुलांना करायचं नाही, हे आजच बॅचमध्ये एकमेकांना सांगून ठेवा.

१२. प्रबंध आणि परीक्षेच्या अटी

गाइड ठरले की महिनाभरात विषय पक्का करा. तुमच्या वॉर्डात खरोखर जितके रुग्ण येतात त्यावरच नमुन्याची संख्या ठरवा. त्यासाठी मागच्या वर्षाचं रजिस्टर चाळा. सिनॉप्सिस, नैतिकता समितीची मंजुरी आणि विद्यापीठाकडे सादरीकरण या क्रमानं जा. मंजुरीच्या तारखेआधी एकाही रुग्णाची माहिती गोळा करू नका. उपचारांची तुलना करणारा अभ्यास असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत) नोंदणी करा, नंतर ती होत नाही. परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध सादर करायचा असतो, म्हणजे हातात तीन नाही, अडीचच वर्षं आहेत.

संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स, नैतिकतेचा कोर्स आणि बीसीएलएस-एसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावरच्या जीवरक्षक उपचारांचं) प्रशिक्षण यांशिवाय परीक्षेला बसता येत नाही. पहिल्या वर्षातच उरका. लॉगबुक दर रविवारी भरा आणि महिन्याला सही घ्या.

विद्यावेतन पहिले काही महिने लांबू शकतं. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून या. आधार, पॅन आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते तपासा, कारण बिल तिथेच अडतं.

तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी तीन महिन्यांसाठी जिल्हा रुग्णालयात जावं लागेल, जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली. पाठवणीचा आदेश, तिथली हजेरी आणि परतल्याचं प्रमाणपत्र या तिन्हींच्या प्रती त्याच फाइलमध्ये लावा. तिथली राहण्याची सोय निघण्याच्या पंधरा दिवस आधी, आधीच्या तुकडीतल्या कुणाला तरी फोन करून विचारा.